कुंभकाची अंमलबजावणी

(रंगमंचावर स्वयंपाकघर. पदर खोचलेली गृहिणी पाटावर मांडी घालून बसते आणि प्रेक्षकांना नमस्कार करते.)

लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापून स्वामी कुवलयानंदांनी प्राणायामास प्रयोगशाळेतील यंत्रांपुढे उभे केले व त्याची रीतसर जबानी घेतली, हा वृत्तांत कोठेसा वाचून, माझ्या मनःस्वास्थ्याविषयी परम आस्था बाळगणाऱ्या आमच्या यजमानांनी भोजनोत्तर असा हुकूम जारी केला, की माझी चिडचिड तत्काळ बंद व्हावी व तदर्थ मी प्रत्यही दीर्घश्वसन करावे. ते कोणत्या वेळी करावे, याचा मात्र हुकमात उल्लेख नव्हता.

उपाय खोटा आहे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. श्वास सावकाश घेतला आणि त्याहून सावकाश सोडला, म्हणजे हृदयाची गती मंदावते, ताठलेले खांदे उतरतात, आणि 'भाजी अळणी झाली आहे' हे वाक्य कानी पडूनही हातातले लाटणे पोळपाटावरच राहते. परंतु पूरकाच्या, म्हणजे श्वास घेण्याच्या, चौपट कुंभक, म्हणजे श्वास रोखणे, आणि दुप्पट रेचक, म्हणजे श्वास सोडणे, हे शास्त्रोक्त प्रमाण ज्यांनी ठरविले, त्यांच्या घरी माणसे किती होती, याची चौकशी कोणी केलेली दिसत नाही.

(डोळे मिटते. श्वास आत घेते.)

एक… दोन… (मान वळवून) अहो, पंचा दांडीवरच आहे! (पुन्हा डोळे मिटून) एक… सासूबाई, जपमाळ उशाखाली पाहिलीत का? (पुन्हा) एक… भाऊजी, चहा आत्ताच झाला ना तुमचा?

(फुस्सकन श्वास सोडते.)

पाहिलेत? पूरक माझे आणि रेचक सर्वानुमते!

हठप्रदीपिका या योगग्रंथात स्वात्माराम योग्याने साधकासाठी जो मठ सांगितला आहे, त्याचे दार लहान, भिंतीस खिडकी नाही आणि जमीन शेणाने सारवलेली. तेव्हा तो महात्मा माझ्या माहेरचे स्वयंपाकघर पाहूनच लिहावयास बसला असावा, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. शिवाय उज्जायी प्राणायाम चालताना व उभ्यानेही करावा, अशी सवलत त्याने देऊन ठेवली आहे. ती सनद शिरोधार्य मानून मी पोळ्या लाटता लाटता उज्जायी आरंभिले, तोच कंठातून निघणारा तो गंभीर घोष ऐकून सासूबाईंनी शेजारणीस विचारले, "आमच्या सूनबाईला दमा कधीपासून हो?" भात्यासारखी चालणारी भस्त्रिका तर मी स्टोव्हाकडेच सोपविली आहे, पंप मारला की तो माझ्याहून शास्त्रशुद्ध करतो.

(उठून, पदर सावरून, न्यायासनापुढे उभी राहिल्याप्रमाणे)

सबब मी प्रतिदावा दाखल केला आहे. कलम पहिले : पूरक व रेचक यांची वहिवाट माझी, कुंभक घरच्यांनी करावे, आणि तेही नाकाचे नव्हे, जिभेचे. कलम दुसरे : माझे श्वसन चालू असता हरवलेली वस्तू हरवलेलीच राहील. कलम तिसरे : दूध उतू जात असल्यास ज्याच्या दृष्टीस ते प्रथम पडेल, त्याने मला हाक न मारता पातेले स्वहस्ते उतरवावे.

यजमान तांबडेलाल झाले. म्हणाले, "अगं, पण असल्या कायद्याने घर चालणार कसे?"

मी अत्यंत शांतपणे म्हटले, "आपण आधी पूरक करावे. कुंभकाची मुदत मी कळवीन."

(पडदा)