साठ सेकंदांचं बिरडं

सेमिस्टर संपत आलं की माझ्या हातात कला येते. एरवी पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट लावायला ज्याला जमत नाही, तो हा हात. तिसऱ्या सेमच्या परीक्षेच्या आठवड्यात मी युकुलेलेवर तीन कॉर्ड शिकलो. चौथ्या सेमला कागदाचे बगळे केले. त्यातले चाळीसेक अजून फ्रीजवर आहेत आणि पाहुण्यांनी विचारलं की आई सांगते, "ती ह्याची चौथी सेमिस्टर." अभ्यासाचं पुस्तक उघडल्याशिवाय ही ऊर्मी येत नाही. पुस्तक पुढ्यात हवं, पान एक उघडलेलं हवं, आणि परीक्षा दहा दिवसांवर हवी.

पाचव्या सेमला मात्र कॉलेजनेच माझ्या ऊर्मीला पंचवीस मार्क लावले. आमचं मास मीडियाचं तिसरं वर्ष. कॉलेज अंधेरीत, मी मुलुंड पूर्वेला. सरांनी सांगितलं, पाच जणांचा ग्रुप करा आणि छोटी फिल्म करून आणा, एक मिनिटाची असली तरी चालेल. मग फळ्यावर काय चालणार नाही त्याची यादी लिहिली. लोकल ट्रेन नाही. डबेवाले नाहीत. धारावी नाही. मरीन ड्राइव्हवर समुद्राकडे बघत एकटा बसलेला मुलगा नाही. आणि शेवटी 'ते सगळं स्वप्न होतं' असं निघणार असेल तर फिल्म दाखवायलाही आणू नका. यादी पूर्ण झाली तेव्हा वर्गातल्या बाराही ग्रुपांच्या पटकथा संपल्या होत्या.

आमच्या ग्रुपात आम्ही एकमेकांना स्टेशनांनीच ओळखतो. बोरिवलीकराकडे लॅपटॉप. घाटकोपरकरणीकडे वक्तृत्व. अंधेरीकर कॉलेजपासून पाच मिनिटांवर राहतो म्हणून सगळ्यांत उशिरा येतो. भांडुपकर "माझं फक्त नाव टाका रे" एवढं म्हणून नाहीसा होतो. आणि मी. भेटायचं कुठे यावरच पंधरा दिवस गेले. नकाशात बघाल तर बोरिवली आणि मुलुंड शेजारी-शेजारी आहेत. मध्ये फक्त शंभरेक चौरस किलोमीटरचं नॅशनल पार्क आणि त्यातले बिबटे. सरळ येता आलं तर माणूस दुपारच्या चहाला येईल. पण रेल्वेने यायचं म्हणजे बोरिवलीकराने आधी दादरला जायचं, पूल चढायचा, आणि सेंट्रलने परत तेवढंच वर यायचं. वेस्टर्नची माणसं असल्या प्रवासाला परदेशगमन समजतात. त्याने विचारलंसुद्धा, "मुलुंडला रेंज येते ना?"

विषय मला सापडला तो अभ्यासात. म्हणजे दुसऱ्याच पेपरच्या नोट्स चाळताना. दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, हे शाळेपासून पाठ होतं. पण त्याच्या आधी, 1912 मध्ये, त्यांनी एक चिमुकली फिल्म केली होती, हे पहिल्यांदाच वाचलं. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा मांडला, आणि महिनाभराहून जास्त काळ एकेक चित्र घेत राहिले. फिल्म झाली मिनिटभराची. दाणा रुजतो, कोंब येतो, वेल वर चढतो. नाव 'अंकुराची वाढ'. पैसे लावणाऱ्यांना हे दाखवायचं होतं, की बघा, मला हे यंत्र चालवता येतं. आणि ते पाहून खरंच कर्ज मिळालं!

मी उठून उभाच राहिलो. मिनिटभराची फिल्म! नट बोलत नाही, हलत नाही, त्याची तारीख घ्यावी लागत नाही, वडापाव द्यावा लागत नाही. एकच अडचण होती. फाळक्यांकडे महिना होता आणि माझ्याकडे चार दिवस.

स्वयंपाकघरात जाऊन मी जाहीर केलं, "मला वाटाण्याला मोड आणायचेत."

आजी लसूण सोलत होती. "कशाला?"

"सिनेमा करायचाय."

आजीने पुढचं काही विचारलं नाही. ह्या घरात फ्रीजवर चाळीस बगळे आहेत. ती एवढंच म्हणाली, "वाटाणा नको. तो सावकाश येतो. कडवे वाल घे. रात्री भिजत घाल, सकाळी उपसून ओल्या फडक्यावर पसर. ह्या उकाड्यात दुसऱ्या सकाळपर्यंत बघ कसे येतात."

"पण फाळक्यांनी वाटाणेच घेतले होते."

"त्यांना वेळ होता."

मग हिशेब केला. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांनी पळतो, म्हणजे एका मिनिटाला 1440 चित्रं. आणि दिवसाची मिनिटं किती? 1440. दर मिनिटाला एक फोटो काढला की अख्खा दिवस बरोबर साठ सेकंदांत मावतो. आयुष्यात पहिल्यांदाच माझं गणित काही न उरता सुटलं होतं. मी ते ग्रुपवर टाकलं. भांडुपकराने अंगठा दाखवला. ह्या प्रोजेक्टमधला त्याचा तो पहिला सहभाग.

पण तो दिवाळीच्या आधीचा आठवडा होता आणि स्वयंपाकघरात आईचं फराळाचं वेळापत्रक लागलेलं होतं. ओट्याचा एक कोपरा मिळवायला जेवढी बोलणी करावी लागली, तेवढ्यात दुसऱ्या कोणी जंगलात शूटिंगची परवानगी काढली असती. अखेर खिडकीजवळची दीड फूट जागा मंजूर झाली. ट्रायपॉड नव्हता. चकल्यांचे दोन उंच डबे समोरासमोर ठेवले, त्यांवर आडवा पाट टाकला, पाटाच्या कडेला फोन चिकटपट्टीने पालथा डकवला. खाली थाळीत ओलं फडकं आणि त्यावर वाल. फोनला चार्जर, वर ट्यूबलाइट. मंगळवारी सकाळी बरोबर नऊ वाजता पहिला फोटो निघाला आणि मी घरात दवंडी पिटली, की बुधवारी नऊपर्यंत डब्यांना कोणीही हात लावायचा नाही.

"म्हणजे चकली मिळणार नाही?" बाबांनी विचारलं. दिवसभरात ते एवढंच बोलले.

पहिलं संकट साडेअकराला आलं. सिलिंडरवाला दारात उभा, आणि डिलिव्हरीचा कोड आलेला माझ्या फोनवर. फोन पाटाला उलटा लटकलेला. मी ओट्यावर झोपून, मान वाकडी करून, वालाच्या पातळीवरून वर बघत चार आकडे वाचले. सिलिंडरवाल्याने दारातून हे पाहिलं आणि न मागता सुट्टे पैसे परत दिले. मग ठाण्याच्या मावशीचा फोन आला. फोन थरथरला, पाट थरथरला, वाल थरथरले. मावशीला आवरायला आईने शेजारच्या काकूंच्या फोनवरून फोन केला, की आज आमच्याकडे फोन करू नकोस, शूटिंग आहे. त्यानंतर मावशी दर तासाला काकूंकडे चौकशी करत राहिली.

मधून मधून फडक्यावर पाणी शिंपडायचं काम आईने आपणहून घेतलं. मला ते सुचलंच नव्हतं. मला वाटत होतं, वाल आपले आपण येतात.

आणि ह्या सगळ्यात एक विपरीत घडलं. फोन चोवीस तास अडकलेला, टीव्ही बंद, कारण आजी जरा आडवी झाली होती, आणि घरात करण्यासारखं काहीच नाही. माझ्याकडून अभ्यास झाला. चक्क सहा प्रकरणं. मीडिया प्लॅनिंगचं पुस्तक हातात घेऊन मला दोन तास बसलेलं पाहून बाबांनी कपाळाला हात लावून ताप बघितला. फाळक्यांच्या घरची हकीकतही मी तेव्हाच नीट वाचली. विलायतेहून आलेल्या कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायची असत; ते काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुवायलाही शिकल्या. शूटिंगला उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या, आणि वर 60-70 माणसांचा स्वयंपाक. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये राणी तारामतीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा नायिका सापडली तीही उपाहारगृहाच्या भटारखान्यात: स्वयंपाकाचं काम करणारे अण्णा साळुंके. भारतीय सिनेमाचा एवढा सगळा भाग स्वयंपाकघरातून आलेला आहे, हे मी आईला मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती चिरोटे लाटत होती. म्हणाली, "मग जरा तो डबा खाली काढ."

बुधवारी नऊला फोन सोडवला. वाल उत्तम आले होते. पांढरेशुभ्र, बोटाच्या पेराला जरा कमी. ग्रुपवर मेसेज होते 312. त्यातला पहिला कालचा, सरांचा होता: सबमिशन शुक्रवारऐवजी गुरुवारी, सकाळी दहाला. उरलेले 311 माझ्या नावाने. त्यांत शेवटचा भांडुपकराचा: "फक्त नाव टाका रे."

1440 फोटो फोनवरून पाठवता येतात, असं बोरिवलीकराचं मत. पन्नासावा फोटो जाईपर्यंत दुपार झाली. शेवटी तो लॅपटॉप पाठीला लावून दादरमार्गे मुलुंडला आला. घाटकोपरकरीण आली. अंधेरीकरही आला, सर्वांत आधी. लांब यायचं असलं की त्याला वेळेवर येता येतं, हा शोध त्याच दिवशी लागला. भांडुप मुलुंडपासून दोन स्टेशनं. नाहूर नुसतं ओलांडायचं. त्यामुळे भांडुपकराला कारणच उरलं नाही.

लॅपटॉपवर फिल्म जुळायला लागली. टक्केवारीची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. आजी आली, तिने पाच जणांकडे पाहिलं, रिकाम्या हातांची संख्या मोजली, आणि मध्ये कोमट पाण्यात घातलेल्या वालांचं पातेलं ठेवलं. "बसलाच आहात तर सोला."

वाल सोलणं हे दिसतं तसं नाही. चिमटीत धरून अलगद दाबायचा, म्हणजे डाळिंबी सालातून सुळकन बाहेर येते. जोर केला तर ती समोरच्याच्या डोळ्यात जाते. पहिली दहा मिनिटं आम्ही एकमेकांचे डोळे फोडले. मग हात बसला. वक्तृत्ववाली गप्प होती. भांडुपकर तर भलताच निघाला. त्याची आई रायगडकडची, हे काम त्याला लहानपणापासून येत होतं. आमचं बोट एक दाणा सोडवेपर्यंत त्याचे पाच व्हायचे. अडीच वर्षांत आमच्या ग्रुपात पाचही जणांनी एकाच वेळी केलेलं हे एकमेव काम. रिपोर्टमध्ये ते लिहायला जागा नव्हती.

रात्री बिरडं झालं. नारळाचं वाटण, आमसुलं, गूळ, वर कोथिंबीर. आमचे नट पोळीबरोबर संपले तेव्हा फिल्म 71 टक्के झाली होती. उरलेलं आईने डब्यात घालून बोरिवलीकराच्या हाती दिलं, त्याच्या आईसाठी.

सकाळी घाटकोपरहून मेट्रो धरली. ही लाइन 2014 ला सुरू झाली. त्याआधी घाटकोपर-अंधेरी म्हणजे 340 नंबरची बस आणि साकीनाक्याला आयुष्याचा विचार करायला भरपूर वेळ, असं बाबा सांगतात. आता नऊ स्टेशनं आणि गारवा. मात्र बॅग यंत्रातून जाते. यंत्रावरच्या माणसाने बोरिवलीकराचा डबा बाजूला काढला.

"इसमें क्या है?"

"पिक्चर के ॲक्टर," बोरिवलीकर म्हणाला. रात्रभर झोपला नव्हता बिचारा. मग झाकण उघडून दाखवावं लागलं. त्या माणसाने वास घेतला आणि आम्हाला आदराने जाऊ दिलं.

सरांनी फिल्म पाहिली. वाल फुगले, सालं तडकली, एकेक पांढरा कोंब आळस दिल्यासारखा वळत बाहेर आला. खरं सांगतो, छान दिसत होतं. मध्येच पडद्यावर काहीतरी लखकन चमकून जाई. सरांनी मागे नेऊन थांबवलं. पाणी शिंपडणारा एक हात होता, बांगड्या घातलेला. तसा तो चार ठिकाणी सापडला. आणि 983 नंबरच्या चित्रात दुसराच एक हात: पुरुषी, केसाळ, घाईत असलेला.

"हे काय आहे?" सरांनी विचारलं. "एक हात देतोय, आणि हा बहुधा काहीतरी नेतोय."

मी घसा साफ करायला लागलो, तोवर घाटकोपरकरीण उभी राहिली. "सर, निर्मिती आणि विनाश."

सर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग वहीत काहीतरी लिहिलं. पंचवीसपैकी एकवीस मिळाले.

त्या रात्री घरी फिल्म लावली. 983 वर मी थांबवलं नव्हतं, आईने थांबवायला लावलं. दर मिनिटाला एक चित्र, सुरुवात सकाळी नऊला. म्हणजे 983 व्या चित्राची वेळ निघते रात्री एक वाजून बावीस मिनिटं. आईने हा हिशेब बोटांवर केला आणि बाबांकडे पाहिलं. चित्रात त्यांच्या बोटांत चकली स्पष्ट दिसत होती. बाबा फ्रीजवरचे बगळे मोजायला लागले.

मग आपला हात आला तेव्हा आई म्हणाली, "आधी सांगायचंस तरी. चांगल्या बांगड्या घातल्या असत्या."

आजीने मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत बारकाईने पाहिलं. पडदा काळा झाला, आम्हा पाच जणांची नावं खालून वर गेली. ती थांबली होती. आणखी काही येत नाही असं दिसल्यावर माझ्याकडे वळली.

"मोड आले. मग सोलणं कुठाय? फोडणी? बिरडं?"

"आजी, तिथेच संपतं ते."

"अर्धवटच ठेवलंस की रे."