ब्रॅड पीठ आणि बिडाचा तवा

५० ग्रॅम आंबवणात ५० ग्रॅम कणीक आणि ५० ग्रॅम पाणी घाला. ते १५० ग्रॅम होतं. दुसऱ्या दिवशी त्यातलं ५० ठेवा, बाकीचं १०० काढून टाका आणि पुन्हा तेच करा. साउरडो ब्रेडच्या कृतीत हे ‘काढून टाका’ इतकं सहज लिहिलेलं असतं की लिहिणाऱ्याच्या घरात म्हातारं माणूस नाही हे लगेच कळतं. बरं, टाकायचंच नाही म्हटलं तर? मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. रोज तिप्पट. आठवड्याच्या शेवटी १०९ किलो! आणि त्या दिवशी ते आणखी १०९ किलो कणीक मागणार. रेशनकार्डावर याचं नाव घालता येईल का, असं बायकोनं विचारलं.

नाव होतंच. सहा महिने कामासाठी परदेशी जाताना मुलीनं बरणी आमच्या हवाली केली, तेव्हा तिच्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती : ‘ब्रॅड पीठ’. सोबत सूचनांचं पानभर पत्रक. ती पाचवीत असताना तिला आजोळी सोडलं, तेव्हा आम्ही एवढ्या सूचना दिल्या नव्हत्या. पण या बाबतीत जगच हळवं आहे. स्टॉकहोममध्ये लोक सुट्टीवर गेले की त्यांच्या आंबवणाला सांभाळणारं ‘हॉटेल’ निघालं होतं. बेल्जियममध्ये २०१३ पासून आंबवणांचं चक्क ग्रंथालय आहे. देशोदेशीच्या बरण्या तिथे फ्रिजमध्ये ओळीनं मांडून ठेवल्या आहेत. आमच्या गल्लीतल्या वाचनालयातल्या पुस्तकांना वाळवी लागली, तेव्हा एक साधं कपाट मिळालं नव्हतं.

आईला हे सगळं समजावून सांगितलं. हवेतले आणि पिठातले जंगली यीस्ट, दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद, त्यांना रोज ताजं खाणं, वगैरे. ती वेंगुर्ल्याची. पलीकडच्या गोव्यातले पोदेर माडाच्या सुरेवर पाव फुगवायचे हे तिला चांगलं ठाऊक, त्यामुळे आंबण्याचं तिला कौतुक नव्हतंच. तिनं एकच विचारलं, “पीठ खावचां की पोसूचां रे?”

प्रश्न बिनतोड होता. आपल्याकडे आंबवलेल्या गोष्टींना शेवट असतो. इडलीचं पीठ पहिल्या दिवशी इडली, दुसऱ्या दिवशी डोसा आणि तिसऱ्या दिवशी कांदा-मिरची घेऊन उत्तप्पा होऊन कृतार्थ होतं. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजतो, चीक निघतो, कुरडया वाळतात, विषय संपतो. विरजण तेवढं पिढ्यान्‌पिढ्या चालतं. पण त्याचं झालेलं दही आपण खातो, अर्धं मोरीत ओतून उरलेल्याला दूध पाजत नाही. हा ब्रॅड पीठ मात्र अमर होता, आणि त्याच्या अमरत्वाचा रोजचा १०० ग्रॅम खर्च आमच्या माथी होता.

तेव्हा आईनं मला माळ्यावर चढवलं.

माळ्यावरून आधी धूळ आली, मग बिडाचा तवा, बिडाचंच आप्पेपात्र, पितळी सोऱ्या, काथवट, आणि सगळ्यात शेवटी तो ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन, झाकणाला काचेची खिडकी असलेला. एके काळी प्रत्येक मध्यमवर्गीय घरात तो असे. तापमानाचा काटा त्याला नसतो. केक झाला की नाही हे नाकानं ठरवायचं, आणि नाक चोंदलेलं असेल तर शेजारीण सांगायची.

बिडाच्या तव्याला मात्र मान द्यावा लागतो. आईनं तो घासून कोरडा केला, तेल पाजलं, अर्धा कांदा काट्याला टोचून त्यावर फिरवला, पुन्हा तेल, पुन्हा कांदा. त्याला लागलेला वेळ बघता ब्रॅड पीठ फारसा लाडावलेला नाही असं माझं मत झालं. मग उरलेल्या आंबवणात तांदळाचं पीठ, मीठ आणि पाणी घालून तिनं नारळाच्या शेंडीनं तव्याला तेल लावलं आणि पळी फिरवली. पहिलं घावन तव्यानं ठेवून घेतलं. तो त्याचा हक्कच असतो. दुसरं सुटलं ते जाळीदार, कडेला कुरकुरीत आणि जिभेला किंचित आंबट. बायकोनं उभ्या उभ्या खाल्लं. आप्पेही जमले.

सोऱ्यानं मात्र सूड घेतला. मैद्याच्या चकल्या करताना मैदा फडक्यात बांधून उकडून घेतात, त्यानं पिठातला चिवटपणा मरतो. आमचा चिवटपणा जिवंत होता, नव्हे, रोज जेवत होता. सोऱ्यातून निघालेली चकली काटे दाखवायची आणि कागदावर टेकताच अंग आक्रसून काटे आत घ्यायची. तळल्यावर तिचं जे झालं ते शेजारच्या छोट्यानं दात यायच्या दिवसांत आनंदानं चघळलं.

यशाचा कळस जिलेबी. जिलेबीचं पीठ मुळात आंबवलेल्या मैद्याचंच, म्हणजे ब्रॅड पीठ इथे पाहुणा नव्हताच. थोडा मैदा आणि थोडं बेसन घालून रात्रभर ठेवलं. सकाळी करवंटीच्या डोळ्याला भोक पाडून मी कढईवर उभा राहिलो. माझे वेढे मोडी लिपीत निघाले, पण पाकातून आले तेव्हा गोडाच्या मागून येणारा तो आंबूस चटका असा होता, की आईनं लगेच रवी मागितली आणि ताक घुसळून मठ्ठा केला. मिक्सर ओट्यावरच होता. त्याच्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

आता घरात काय आंबतंय आणि काय उरलंय याचा रोज हिशेब चालू असतो. सोसायटीत दोन घरांनी आंबवण मागून नेलं, आणि तिसऱ्या घराचं दार मी बरणी घेऊन गेलो की उघडत नाही. गोल ओव्हनही कामाला लागला. घावनं झाकून ठेवायला तो उत्तम आहे.

परवा मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिनं बरणी पाहिली, बुडबुडे पाहिले, खूश झाली आणि म्हणाली, “मग, ब्रेड कसा होतोय?”

मी बायकोकडे पाहिलं, बायकोनं माझ्याकडे. उरलेलं संपवण्याच्या धांदलीत ते मुळात कशासाठी आहे हे कुणी पाहिलंच नव्हतं. आईनं मागून डोकं घातलं आणि नातीला म्हणाली, “पाव? तो पाववालो रोज दारार येता गो!”