सोसायटीच्या कमिटीवर बिनविरोध कसे निवडून यावे

अभिनंदन! बदलापूर पूर्वेला नाहीतर अंबरनाथ पश्चिमेला तुमचा फ्लॅट आहे, कर्जाचे हप्ते बरेच उरलेत, आणि तरी तुम्हाला कमिटीत जायचंय. घरी एवढ्यात सांगू नका.

१. आधी कारण ठरवा. समाजसेवा भाषणापुरती. खरी कारणं तीनच: वरच्यांच्या बाथरूमची गळती, पार्किंग आणि मागचा सेक्रेटरी. तिसरं सगळ्यात टिकाऊ. गळती कधीतरी थांबते.

२. मेंटेनन्स भरा. थकबाकीदाराला उभं राहता येत नाही. दोनापेक्षा जास्त मुलं असली तरी कायदा आडवा येतो, पण त्यावर उपाय सुचवायला तुम्ही उशिरा आलात. १०० सदस्यांपर्यंतच्या सोसायटीत कमिटी ११ जणांची: ६ सर्वसाधारण, २ महिला, ३ राखीव. महिलांच्या जागेसाठी चालू पद्धत अशी: अर्जावर वहिनींचं नाव, मीटिंगला भाऊसाहेब.

३. मतदार घरी शोधू नका. तो पहाटे लोकलला जातो आणि जेवायच्या वेळी उगवतो. त्याला फलाटावर गाठा आणि गाडी थांबता थांबता मुद्दा मांडा. आत घुसल्यावर तो मान हलवेल, कारण हलवायला दुसरं काही मोकळं नसेल. होकार समजा.

४. जाहीरनाम्यात चोवीस तास पाणी लिहू नका. बारवी धरण भरून वाहत असलं तरी जीवन प्राधिकरणाचं पाणी आपल्या टाकीत किती चढतं हे मतदाराला ठाऊक आहे. ‘टँकरचा हिशेब मागू’ असं लिहा. मागच्या कमिटीवर संशय पडतो आणि आपल्याला पाणी आणावं लागत नाही. ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ हे शब्द दोनदा वापरा. अर्थ विचारणारा निघालाच तर त्याला लगेच उपसमितीवर घ्या. पुन्हा विचारणार नाही.

उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या उमेदवारांनी स्ट्रक्चरल ऑडिटचा मुद्दा जपून काढावा. मे २०२१ मध्ये तिथं पंधरवड्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. तेव्हापासून ऑडिट व्हावं यावर सगळ्यांचं एकमत आहे. वर्गणीचा आकडा सांगितला की सभेला अचानक बाहेरची कामं आठवतात.

५. आता सभा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणून ती सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी असते. कोरम दोन-तृतीयांश सदस्य किंवा २०, यातला कमी आकडा. तोही भरत नाही. घाबरू नका. कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच जागी, तितक्याच माणसांत, कोरमशिवाय रीतसर चालते. हा अर्धा तास तुमचा आहे. वडापाव आधी वाटू नका. खाऊन लोक जातात. आणि काही झालं तरी उठू नका. पाणी प्यायला गेलेला माणूस परत येतो तेव्हा खजिनदार झालेला असतो. सेक्रेटरीपदासाठी नाव पुकारलं की सगळे मोबाइलकडे बघतील. तुम्ही वर बघा. झालात बिनविरोध! टाळ्या मनापासून असतात, कारण वाजवणारे सुटलेले असतात.

६. अधिकार वापरायला शिका. हस्तांतराचा प्रीमियम २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही. भाड्यानं दिलेल्या घरावरचं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर जात नाही. नवख्या सेक्रेटरीचा इथे हिरमोड होतो. जुने हसतात, कारण ‘ऐच्छिक देणगी’ला मर्यादा असल्याचं त्यांनी तरी वाचलेलं नसतं. ना-हरकत पत्र टेबलाच्या खणात ठेवा, फ्लॅट घेणाऱ्याला खुर्ची द्या आणि गणपती मंडपाच्या खर्चाबद्दल बोलत राहा. इच्छा त्याची त्यालाच होते. (होत नाही अशीही माणसं असतात, त्यांचा शिक्का हरवतो.)

पार्किंग? तुमची गाडी पहिल्याच महिन्यात सावलीत लावून घ्या. पुढे पंपाची मोटर जळेल, वॉचमन गावी जाईल, तिसऱ्या मजल्यावरून अकरा वाजता फोन येईल.

७. राजीनामा. कंटाळलात तर जरूर द्या, लिहायला दोन ओळी पुरतात. फक्त तो कमिटीपुढे ठेवावा लागतो. मंजूर केला तर चाव्या आपल्यापैकी कुणाच्या तरी गळ्यात पडणार, हे उरलेल्या दहांना बरोबर कळतं. त्या मीटिंगला कोरम कधीच भरत नाही.