पहिलेकर

त्याचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे आणि मेंटेनन्सच्या बिलावर आहे. बाकी मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत तो पहिलेकर. हे नाव त्याला पोरांनी ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की एकदा नव्या वॉचमनने कुरिअरवरचं खरं नाव वाचून, "यहाँ ऐसा कोई नहीं रहता," असं सांगत पार्सल परत धाडलं.

कार्टून कुठेही चालू असो, म्हणजे शेजाऱ्यांच्या टीव्हीवर, दातांच्या डॉक्टरकडे, लोकलमध्ये समोरच्या बाईच्या मांडीवर बसलेल्या पोराच्या हातातल्या मोबाइलवर, पहिलेकर मान तिरकी करतो, टाळूला जीभ लावून एक 'च्च' काढतो आणि विचारतो, "हे नंतरचं आहे. पहिलंवालं बघितलंयस का?"

पोराने बघितलेलं नसतं. पोर चार वर्षांचं असतं.

आता एवढ्यावरून तुम्ही त्याला जुनाट म्हणाल, तर तसं बिलकुल नाही. जन्म १९८३चा. नोकरी बीकेसीत, एका बँकेत. तिथलं सॉफ्टवेअर दर सहा महिन्यांनी बदलतं, याला काही वाटत नाही. मोबाइल दोन वर्षांत जुना झाला म्हणून विकतो. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला द्यायची का, यावर सोसायटीची सभा झाली तेव्हा सगळ्यात आधी सही याची. मी म्हटलं, "अरे, तू या बिल्डिंगमध्ये लहानाचा मोठा झालास ना?" तर म्हणाला, "झालो ना. पण कार्पेट एरिया किती वाढतोय बघ!" म्हणजे बिल्डिंग पाडून नवी बांधली तर चालते. रविवारी सकाळी दूरदर्शनवर जे काही लागायचं, त्याची वीट हलवायची नाही.

कार्टून बघायची त्याची पद्धतही ठरलेली आहे. तो बसत नाही. मुलगी सोफ्यावर, हा सोफ्याच्या मागे उभा. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात रिमोट. "दोन मिनिटं बघतो फक्त," असं म्हणतो आणि भाग संपेपर्यंत हलत नाही. बसलो तर आपण ते कार्टून बघतोय असा अर्थ होईल, ही भीती असावी. उभा माणूस तपासणीला आलेला असतो.

लॉकडाऊनमध्ये त्याच्या मुलीला 'डकटेल्स' सापडली. ती नऊ वर्षांची होती. आपल्याला ठाऊक असलेली 'डकटेल्स' १९८७ची, शंभर भागांची. ती नव्वदीत 'टेलस्पिन'च्या जोडीने हिंदी बोलत आपल्या घरी आली. मुलीला सापडली ती डिस्नेने २०१७ साली नव्याने काढलेली. पहिलेकर मागे येऊन उभा राहिला आणि पंधराव्या सेकंदाला ओरडला, "टोप्या कुठे गेल्या?"

जुन्या मालिकेत त्या तीन बदकपिल्लांना तीन टोप्या होत्या: लाल, निळी, हिरवी. नव्यात टोपी फक्त लालवाल्याकडे राहिली. एक निळ्या शर्टात बोडका, एक हिरव्या हुडीत बोडका.

"त्यांच्या टोप्या काढल्या आणि आपल्याला घातल्या," पहिलेकर म्हणाला.

"पण बाबा, तुझ्यातले तिघं सारखेच बोलतात. टोपी काढली तर कोण कुठला कळणारच नाही."

"म्हणून तर टोपी होती!"

हे बोलणं बिनतोड आहे हे मुलीलाही कळलं असावं, कारण ती गप्प बसली. पण तेवढ्यात आतून त्याची आई आली. मूळ घोटाळा तिथून सुरू झाला. आईंना इंग्रजी फारसं येत नाही, नात अर्थ सांगत होती. आईंचा पहिला प्रश्न: "हा कोटवाला म्हातारा त्या पोरांचा कोण?"

"अंकल," पहिलेकर.

"अंकल म्हणजे? काका, मामा, की मावशीचा नवरा?"

पहिलेकर तीस वर्षं स्क्रूजला 'अंकल' म्हणत आला होता. हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. नातीने उलगडा केला: पोरं डोनल्डची भाचरं, आणि डोनल्ड स्क्रूजचा भाचा. "म्हणजे हा चुलतमामा नव्हे... मामाचा मामा," आई बोटांवर मोजत म्हणाल्या. "आणि पोरांची आई कुठे आहे?"

आता नव्या मालिकेत पोरांची आई आहे. डेला तिचं नाव. ती रॉकेटमधून गेली आणि चंद्रावर अडकली, असं भलंमोठं कथानक आहे. आईंनी पदर खोचला आणि सोफ्यावर बैठक मारली. "तुझ्या पहिल्यात ही बाई कुठे होती रे?"

"पहिल्यात... नव्हती."

"तीन पोरं मामाच्या मामाकडे राहतात आणि आई कुठे आहे हे शंभर भागांत कोणी विचारलं नाही? भलतीच माणसं!"

तेव्हापासून सासू, सून, नात अशा तिघी नव्या बाजूला गेल्या आणि पहिलेकर घरात एकटा पडला. पण तो हार मानणारा नव्हे. पुढे गणपतीत त्याने मंडपात हा विषय काढला. दुसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा अंधेरीला ॲनिमेशनचं आणि डबिंगचं काम करतो. अंधेरी म्हणजे या धंद्याचा दाणाबाजार. जपानी राक्षसापासून कोरियन सासूपर्यंत कितीतरी जण तिथल्या गल्ल्यांत हिंदी बोलायला शिकतात. तर पहिलेकर त्याला म्हणाला, "तुम्ही लोकांनी स्क्रूजचा कोट बदललात. निळा होता, लाल केलात."

तुम्ही लोकांनी! जणू काही त्या मुलाने बोरिवलीच्या शिंप्याकडून तो शिवून आणला होता.

मुलगा शांत. म्हणाला, "काका, कार्ल बार्क्सने स्क्रूज काढला १९४७ साली, कॉमिक्समध्ये. त्यात कोट बहुतेकदा लालच असायचा. निळा तुमच्या सिरियलने केला. नव्यांनी परत पहिला आणला."

मंडपात क्षणभर आरती संपल्यासारखी शांतता झाली. पहिलेकरला त्याच्याच शस्त्राने मारलं होतं. त्याने मोदकाची कळी मोडली, तोंडात टाकली, गिळली, आणि म्हणाला, "कॉमिक्सचं सोडून दे रे. मी ओरिजिनलबद्दल बोलतोय."

पण 'डकटेल्स' हे त्याचं नुसतं सरावाचं मैदान. खरा देव 'जंगल बुक', दूरदर्शनवर रविवारी लागायचं ते. त्याबाबत चेष्टा चालत नाही. मुलगी चार वर्षांची असताना तिला संगणकावर बनवलेलं नवं 'जंगल बुक' आवडायचं, ते हैदराबादच्या डीक्यू एंटरटेनमेंटचं. "सगळे प्राणी प्लॅस्टिकचे," हा शेरा. "अकेला तर शाम्पू लावून आलाय." ती मालिका लागली की हा टीव्हीसमोरून मुद्दाम हळू चालत जायचा.

मग ८ एप्रिल २०१६ला 'जंगल बुक'चा मोठा सिनेमा लागला. अमेरिकेच्या आठवडाभर आधी आपल्याकडे. हिंदीत शेरखानला पुन्हा नाना पाटेकरांचा आवाज, आणि शीर्षकगीतही गुलजार आणि विशाल भारद्वाज यांनीच नव्याने करून दिलेलं. याहून जास्त काय करायचं कुणी? पहिलेकर खूश होईल म्हणून वहिनींनी सगळ्यांची तिकिटं काढली. मीही होतो. त्याचे वडील, अप्पाही होते. मध्य रेल्वेतून निवृत्त झालेले, वाचणारे गृहस्थ.

सिनेमाभर माझ्या डाव्या कानात 'च्च' चालू होतं. भालू बोलला, इरफानच्या आवाजात, पंजाबी वळणाने. "भालू लुधियानाचा कधी झाला?" का बोलला, प्रियांका चोप्राच्या आवाजात. "अजगर होता तो. अजगरीण कुठून आली?" शेरखान बोलला. इथे तरी हा निवेल असं वाटलं. पहिलेकरने डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "नाना तोच आहे. शेरखान तो नाही."

"अरे, पासष्टीचा झालाय तो आता," अप्पा म्हणाले.

"नाना झाला असेल बाबा. शेरखानने का म्हातारं व्हायचं? तो 'क्रांतिवीर'च्या आधीचा नाना होता!"

बाहेर आल्यावर गाण्याचा विषय निघाला. ठेका नवा, पण माणसं तीच, हे मी त्याला सांगून पाहिलं. पहिलेकरने पाच रस्त्याच्या सिग्नलला उभं राहून, अतिशय दुःखाने, गुलजारांना स्वतःचं गाणं कळलेलं नाही असा निर्वाळा दिला.

तेव्हा अप्पांचा तोल गेला. "पहिलं पहिलं काय लावलंयस? पहिलं ते १८९४चं पुस्तक. किप्लिंगचं. आपल्या जेजे स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मला तो, १८६५ साली. त्यानंतर डिस्नेचा १९६७चा सिनेमा. तुझं ते जपान्यांनी १९८९ साली काढलेलं, बावन्न भागांचं. चार वर्षांनी हिंदीत करून तुम्हाला दाखवलं. जपान्यांनी तर मोगलीच्या हातात बूमरँग दिलं. सिवनीच्या जंगलात बूमरँग! पहिलं म्हणे!"

रिक्षात बसेपर्यंत पहिलेकर विचार करत होता. मग म्हणाला, "हे सगळं बरोबर आहे, बाबा. पण त्यात नाना कुठे आहे?"

अप्पा पुढचा आठवडाभर त्याच्याशी फक्त पाण्याच्या मोटारीबद्दल बोलले.

आणि मग चार वर्षांनी, तारीख योगायोगाने तीच, ८ एप्रिल. २०२०. सगळे घरात कोंडलेले. 'रामायण' आधीच सुरू झालं होतं आणि आता दूरदर्शनने दुपारी एक वाजता 'जंगल बुक' लावायचं ठरवलं. नंतरचं नव्हे. पहिलंवालं. तेच बावन्नवालं.

त्या दिवशी पहिलेकरने बारा वाजताच जेवणं उरकायला लावली. ऑफिसच्या कॉलवर 'नेटवर्क जातंय' असं बोलून तो बाजूला झाला. आमची दारं समोरासमोर. मधल्या पॅसेजमुळे अंतरही सरकारला हवं तेवढं पडत होतं, म्हणून मी माझ्या उंबऱ्यावर खुर्ची टाकून त्यांच्या टीव्हीला लागलो. मुलीला त्याने बजावलं, "आता बघ. आता कळेल तुला." त्या दिवशी तो चक्क बसला.

गाणं लागलं. तो ताठ झाला. गाणं संपलं. लांडगे आले, मोगली आला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी त्याच्याकडे बघत होतो. त्याची मान हळूहळू तिरकी व्हायला लागली. मला वाटलं भास होतोय. पण पॅसेज ओलांडून माझ्यापर्यंत स्पष्ट आवाज आला.

'च्च.'

"हे ते नाही," पहिलेकर म्हणाला. "कापलंय यांनी. एवढं हळू नव्हतं ते. आणि गाणं मोठं होतं."

"गाणं तू कधी बघितलंस रे?" आई दाणे सोलत होत्या. "गाणं लागायचं तेव्हा तू गच्चीवर अँटेना धरून. खालून ओरडायचं आम्ही, 'आलं, आलं... गेलं!' तू खाली येईपर्यंत निम्मं व्हायचं."

"ते सोड. रंग बघ! चड्डीचा रंग बघ. हा काय लाल आहे? धुऊन धुऊन विटलेला. तेव्हाचा लाल म्हणजे..." त्याला शब्द सापडेना. "कुंकवासारखा. अजून डोळ्यांसमोर आहे माझ्या."

आईंचा हात थांबला. "कुठला लाल?"

"मोगलीच्या चड्डीचा."

"अरे, आपल्याकडे रंगीत टीव्ही आला ९६च्या वर्ल्ड कपला. तेव्हा तो शटरवाला होता. ब्लॅक अँड व्हाइट." त्यांना आणखी काहीतरी आठवलं आणि त्या हसायला लागल्या. "आणि त्याच्यावर तुझ्या बाबांनी ती रंगीत काच लावली होती. वर निळी, मध्ये केशरी, खाली हिरवी. मोगली जमिनीवर असला की चड्डी हिरवी. झाडावर चढला की निळी. मधल्या फांदीवर बसला तर केशरी. लाल कधी झाली?"

आतल्या खोलीतून अप्पांनी खाकरल्यासारखं केलं. वहिनी ओट्यापाशी पाठ करून उभ्या होत्या, पण पाठ हलत होती. मुलगी वळून बघायला लागली. मी खुर्ची दोन इंच पुढे ओढली.

पहिलेकर उठला. सोफ्याला वळसा घालून मागे, आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिला. एक हात कमरेवर गेला.

"आई," तो म्हणाला, "दूरदर्शन ८२ सालापासून रंगीत आहे. त्यांनी लालच पाठवली होती. आपला टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता, त्याला मोगली काय करणार?"

"पण बाबा, मग तू नक्की बघितलंस काय?" मुलीने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. रिमोट उचलला आणि आवाज वाढवला.

"गप बस. नाना बोलतोय."