ल्वारची बाटली, भाट्याची कालवं

रत्नागिरीकराला फ्रेंचांचं कौतुक सांगायला जाऊ नये. अमक्या टेकडीच्या अमक्या उतारावरच्या द्राक्षांचीच वाईन खरी, ओढ्यापलीकडची नुसती आंबट, असं ते म्हणतात ना? आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा कातळावरचा हापूस वासावरून ओळखतं आणि देवगडचं नाव निघालं की नाक मुरडतं. फ्रान्सने १९३५ साली कायदा करून वाईनला तिच्या गावाशी बांधून टाकलं. हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं २०१८ मध्ये, तेही सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर यांच्यासह. या वाटणीचा विषय आमच्या आळीत जेवणाआधी काढत नाहीत.

नाशिकचा पुतण्या शिमग्याला आला तो शेनिन ब्लांची बाटली घेऊन. ही द्राक्षं मूळची फ्रान्समधल्या ल्वार नदीकाठची. सुलाने २००० साली नाशकात पहिल्या वाईन काढल्या, त्यांतही ती होती. त्याने पेला गोल फिरवला आणि म्हणाला, "काका, आधी वास घ्या. पेरू येतोय?"

येत होता. "पेरूच हुंगायचा तर परसात झाड आहे की," आई म्हणाली.

मग त्याने मस्कादेची गोष्ट काढली. ल्वार समुद्राला मिळते त्या बाजूला, नाँत शहराभोवती ही वाईन होते. काही जण ती महिनोन्‌महिने तळच्या गाळावरच ठेवतात आणि कालवांबरोबर पितात. कालवं कच्ची.

"कच्ची?" आईने पळी खाली ठेवली. ओहोटीला भाट्याच्या खाडीत बसून खडकावरची कालवं फोडणाऱ्या बायकांचे हात तिने पाहिलेले आहेत. इतक्या कष्टाची जिन्नस लिंबू पिळून गिळायची, म्हणजे त्या घरात चूल पेटवायचा कंटाळा असणार, असं तिचं स्वच्छ मत पडलं.

त्या दुपारी परीक्षा झाली. तिरफळं घातलेल्या बांगड्यापुढे शेनिनने मान टाकली. तिरफळाने जीभ बधिर झाल्यावर पेरू कुठला आणि अननस कुठला! ओलं खोबरं घातलेल्या कालवांच्या सुक्याबरोबर मात्र ती अशी जमली की मी पेला पुन्हा पुढे केला. आईने माझ्याकडे पाहिलं आणि शेजारी सोलकढीची वाटी ठेवली. आंबटाने तेलकटपणा कापायचा, तिखट शांत करायचं, पुढच्या घासाला तोंड मोकळं करायचं, असं पुतण्या वाईनबद्दल तासभर समजावत होता. ते सगळं ती वाटी निमूटपणे करत होती, आणि तिला परवानाही लागत नाही.

पुतण्याला आता इथे काजूच्या बोंडूंची वाईन करायची आहे. कल्पना वाईट नाही. बी काढून घेतली की आमचे बोंडू बागेतच कुजतात. शेजारच्या गोव्याने त्याच बोंडूंच्या फेणीला २००९ मध्ये मानांकन मिळवलं. महाराष्ट्र सरकारने २०२२ मध्ये काजूच्या आणि मोहाच्या दारूला 'विदेशी मद्य' ठरवलं, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. पण काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेला. इतिहास पाहता सरकारचं फारसं चुकलेलं नाही. हापूसचं नावही अफोन्सो नावाच्या पोर्तुगिजाकडे जातं, हे मात्र पुतण्याने इथे कुणाला सांगू नये. निदान पेट्या भरून होईपर्यंत.