चोर घडवताना

रोल-प्लेइंग गेममध्ये खेळायला सुरुवात करण्याआधी खेळाडूला एक माणूस घडवावा लागतो. त्याचा वंश, पेशा, अंगचे गुण आणि कौशल्ये ठरवण्याच्या या कामाला खेळणारे ‘बिल्ड’ म्हणतात. योद्धा, मांत्रिक, पुरोहित आणि चोर हे चार पेशे जवळजवळ प्रत्येक खेळात असतात. यांतला चोर निवडणारी माणसे एरवी अतिशय सरळ असतात. भाजीवालीने पाच रुपये जास्त परत दिले, तर ती अर्ध्या रस्त्यातून मागे फिरतात. त्यांना चोरीचे आकर्षण कमी आणि हिशेबाचे जास्त असते, कारण चोराचा बिल्ड हा मुळात जमाखर्चाचा प्रकार आहे. तरीही जबलपूरच्या एखाद्या मराठी घरात नातवाने आतल्या खोलीतून “मी चोर घेतलाय!” असे ओरडून सांगितले, की आजी आधी दारातल्या चपला मोजते.

या पेशाला मान्यता उशिरा मिळाली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ आणला, तेव्हा त्यात योद्धा, मांत्रिक आणि पुरोहित एवढेच होते. भुयारात खजिना होता, पेट्यांना कुलपे होती, पण ती उघडणारा अधिकृत माणूस नव्हता. १९७५च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत ही जागा भरली. पुढे याच घराण्यातल्या ‘बाल्डर्स गेट’ या १९९८च्या संगणकीय खेळात दुसरी लेव्हल गाठायला योद्ध्याला २,००० अनुभव-पॉइंट लागतात, मांत्रिकाला २,५०० आणि चोराला फक्त १,२५०. चोराची बढती सर्वांत लवकर होते, हे खेळ रचणाऱ्यांना मुद्दाम कोणी शिकवावे लागले नसणार.

चोरांच्या पेशाची अशीच एक नियमावली ‘ग्रेहॉक’च्या आधी सुमारे १४० वर्षे जबलपुरात तयार झाली होती. १८१७पर्यंत हे शहर नागपूरकर भोसल्यांकडे होते. नंतर ते कंपनी सरकारकडे गेले. तिथे काम करणाऱ्या विल्यम हेन्री स्लीमनने पकडलेल्या ठगांच्या जबान्या घेतल्या, त्यांच्या ‘रामासी’ या गुप्त बोलीतले शब्द जमवले आणि १८३६ साली ते ‘रामासीआना’ या नावाने कलकत्त्याहून प्रसिद्ध केले. वाटेवरच्या प्रवाशांचे खून हा ठगीचा गाभा होता, त्यामुळे मूळ विषयात हसण्यासारखे काही नाही. शिवाय हा शब्दकोश फिर्यादीने रचलेला असून त्याला मजकूर पुरवणारे माफीचे साक्षीदार स्वतःची मान सोडवत होते. त्यावर किती विश्वास ठेवायचा यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. कामाची वाटणी मात्र वाचण्यासारखी आहे. प्रवाशाशी गोड बोलून त्याला टोळीत ओढणारा तो सोठा. हात धरणारा शमसिया. रुमालाने गळा आवळणारा भुरतोट. खड्डा खणणारा लुघा. नवशिक्याला कबुला म्हणत आणि विद्येत मुरलेल्याला बुर्का. पहिली लेव्हल आणि शेवटची लेव्हल यांना इतके सुटसुटीत शब्द कोणत्याही गेम कंपनीला सापडलेले नाहीत. या यादीत सगळी कामे एकट्याने करणारा कोणीही नाही, हे बिल्ड निवडणाऱ्याने सुरुवातीलाच लक्षात ठेवावे.

निवडीची पहिली पायरी म्हणजे वंश. जुन्या खेळांत हाफलिंग नावाच्या बुटक्या, गुबगुबीत जमातीला चोरीच्या कौशल्यांत जन्मतःच वाढीव गुण मिळत. हाफलिंग शेती करतो, दिवसातून अनेकदा जेवतो आणि घर सोडायला नाखूश असतो. तरी नियमपुस्तक त्याला पाळण्यातच कुलुपाची काडी देते. पडद्यावर हे गमतीचे वाटते. हिंदुस्थानात तो कायदा होता. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मावरून चोर ठरवले आणि त्या कायद्याचे मूळ ठगीविरोधी मोहिमेच्या विचारसरणीत होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. कायदा गेला तरी शिक्का कसा राहतो, हे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाने मराठी वाचकाला दाखवले. त्याला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. खेळांनाही हे उशिरा का होईना उमगले. २०२३च्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये सुरुवातीचे वाढीव गुण वंशाला बांधलेले नाहीत, ते खेळाडू हवे तिथे टाकतो. तिथे कोणाच्याही पोटी चोर जन्माला येऊ शकतो आणि हीच वस्तुस्थितीही आहे.

वंशानंतर अंगचे गुण. चोराला सर्वांत आधी चपळाई लागते. ताकद कमी चालते, कारण त्याला ओझे उचलायचे असते ते दुसऱ्याचे आणि थोड्या वेळापुरते. शहाणपणावर खर्च करणे व्यर्थ मानतात. शहाणपण असते तर पेशा वेगळा असता. वाक्चातुर्यावर मात्र काही पॉइंट ठेवावेत, कारण पकडले गेल्यावर चपळाईचा उपयोग संपतो आणि जिभेचा सुरू होतो.

खरी कसोटी कौशल्यांच्या वाटपात लागते. पहिल्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये चोराला पहिल्या लेव्हलला ४० आणि पुढच्या प्रत्येक लेव्हलला २५ पॉइंट मिळतात. मूळ खेळात अनुभवाची मर्यादा ८९,००० असल्याने तो आठव्या लेव्हलला थांबतो. म्हणजे आयुष्यभराची कमाई २१५. खर्चाची खाती चार: कुलपे, सापळे, खिसे आणि लपणे. वंश आणि चपळाई वरून थोडी मदत करतात. तरी दोन कौशल्ये उत्तम, तिसरे कामापुरते आणि चौथे नावापुरते, एवढेच या पगारात बसते. समान वाटप वडिलोपार्जित जमिनीत शोभते. चारही खात्यांत थोडे थोडे टाकले, की असा चोर तयार होतो ज्याला कुलूप उघडत नाही, जो लपला तरी दिसतो, ज्याचा हात खिशात अडकतो आणि ज्याला सापळा सापडतो तो पाय पडल्यावर.

यातून चोराचे तीन मुख्य प्रकार निघतात. पहिला कुलूपवाला. तो पुढे चालतो, जमीन तपासतो, पेट्या उघडतो आणि त्यातली तलवार मुकाट्याने योद्ध्याला देतो. पार्टीत, म्हणजे खेळातल्या सोबत्यांच्या टोळीत, त्याचे स्थान घरच्या इलेक्ट्रिशियनसारखे असते: काम अडले की सगळ्यांना त्याची आठवण होते आणि काम झाले की तो कुठे बसला आहे हे कोणी पाहत नाही. अनुभवी लोक नवशिक्याला हाच प्रकार सुचवतात, कारण बंद दार प्रत्येक खेळात असते.

दुसरा खिसेकापू. हा प्रकार पाहायला मोहक आणि सांभाळायला कठीण. हात चुकला, की मघापर्यंत भाव सांगणारा दुकानदार अंगावर येतो आणि पहारेकरी धावतात. म्हणून प्रत्येक खिशाआधी खेळ सेव्ह केला जातो आणि फसल्यास मागे जाऊन पुन्हा तोच खिसा. जगाच्या इतिहासात ही सोय कोणत्याही खऱ्या चोराला मिळालेली नाही. मिळाली असती तर जबलपूरचे तुरुंग रिकामे राहिले असते. सेव्हचा आधार असल्यामुळेच काटकसरी खेळाडू या खात्यात पॉइंट टाकत नाहीत. २०११च्या ‘स्कायरिम’मध्ये तर कौशल्याचीही गरज उरली नव्हती: दुकानदाराच्या डोक्यावर बादली पालथी घातली, की तो शांत उभा राहायचा आणि त्याच्यासमोर दुकान रिकामे करता यायचे.

तिसरा पाठीमागून वार करणारा. ‘पाठीत खंजीर’ हा शब्दप्रयोग मराठी माणसाला राजकारणाच्या बातम्यांतून पाठ असला, तरी त्याचा गुणाकार खेळातच कळतो. ‘बाल्डर्स गेट’मध्ये पहिल्या चार लेव्हलपर्यंत असा वार दुप्पट लागतो, पाचवीपासून तिप्पट. अटी दोन: चोर लपलेला हवा आणि समोरच्याची पाठ हवी. हत्यार खंजीरच असावे असे बंधन नाही, लाठीही चालते. म्हणजे अंधारातून चोरपावलांनी येऊन पाठीत सोटा घालणे हे नियमात बसते. ‘स्कायरिम’मध्ये योग्य ते कौशल्य घेतल्यावर खंजिराचा छुपा वार १५ पट होतो, धनुष्याचा तिप्पटच. एवढा फरक दिसत असूनही बहुसंख्य खेळाडू शेवटी अंधारात वाकून बाण मारताना आढळतात. योद्धा म्हणून सुरुवात करा किंवा मांत्रिक म्हणून, शंभर तासांनी सगळे तिथेच पोचतात. माणसाला वार पाठीतच करायचा असतो, पण लांबून.

जबलपूरच्या यादीतला सोठा, म्हणजे बोलून फसवणारा, या खेळांत बहुधा वेगळा प्रकार म्हणून मिळत नाही. दोन तास गोड गप्पा मारण्याइतका धीर खेळाडूला नसतो, हे त्याचे कारण असावे.

हत्यारांच्या बाबतीत खेळांनी संस्कृत साहित्याकडे पाहायला हवे होते. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या नाटकात तिसऱ्या अंकात शर्विलक नावाचा चोर नायक चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो. त्याच्या शास्त्रात भोकाचे सात आकार आहेत. कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक वगैरे. त्यातला पूर्णकुंभ तो निवडतो, कारण सकाळी शेजाऱ्यांनी कौतुक करायला हवे. मोजायची दोरी घरी विसरल्यामुळे तो जानव्याने भिंत मोजतो. आत जाताना आधी माणसाचा पुतळा पुढे सरकवतो, दार वाजू नये म्हणून पाणी शिंपडतो आणि दिवा विझवायला किडा सोडतो. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तल्या अपहारवर्म्याजवळ तर मापाचा दोरा, चिमटा, नकली मुंडके आणि भुंग्यांची डबी असा भरलेला संच आहे. आजच्या खेळांत चोराला सहसा एक काडी मिळते आणि तीही तुटते.

शर्विलक हा दुहेरी बिल्डचाही उत्तम नमुना आहे. तो ब्राह्मण आहे, चोर आहे आणि त्याची चोरी प्रेयसी मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी आहे. खेळातही चोराला योद्ध्याची किंवा मांत्रिकाची जोड देता येते. अनुभव मात्र दोन खात्यांत विभागला जातो. दोन नोकऱ्या करणाऱ्याला दोन्हीकडे बढती उशिरा मिळते, तसेच हे. तरीही जोडबिल्ड लोकप्रिय आहेत, कारण शुद्ध चोर लढाईत दुसऱ्या मिनिटाला आडवा पडतो. आणि नशिबाचे काही सांगता येत नाही: शर्विलकाला चारुदत्ताच्या घरात दारिद्र्याखेरीज काही दिसत नाही, तो निघायच्या बेतात असतो, तेव्हा झोपेत बरळणारा चारुदत्ताचा मित्र मैत्रेय दागिन्यांची पेटी स्वतःहून त्याच्या हातात ठेवतो. त्या रात्री कुलूप-कौशल्यातला एकही पॉइंट खर्च झाला नाही.

म्हणून चोर स्वतः व्हायचे की सोबत घ्यायचा, हा शेवटचा प्रश्न. पहिल्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये सुरुवातीलाच इमोएन नावाची चोर मुलगी येऊन मिळते आणि पुष्कळ खेळाडू निश्चिंत मनाने योद्धा होतात. एकट्याने हिंडायच्या खेळात मात्र सगळे स्वतःलाच करावे लागते, आणि तिथेच लेव्हल वाढवता वाढवता रात्र सरते.

बिल्ड चुकला तर बदलण्याची सोय नव्या खेळांत असते. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये विदर्स नावाचा हाडांचा सांगाडा १०० सोन्याची नाणी घेऊन चोराचा पुरोहितही करून देतो. जबलपुरात असा बदल १८३७च्या सुमारास झाला. माफीच्या साक्षीदारांसाठी तिथे ‘स्कूल ऑफ इंडस्ट्री’ निघाले आणि सोठे, भुरतोट, लुघे सगळे एकाच पेशात आले: तंबू शिवणे आणि गालिचे विणणे. त्यांची मुलेही तिथेच काम शिकली. दर नाण्यांत नव्हता. आधी जुन्या सोबत्यांची नावे सांगायची आणि मग पहाऱ्यातच राहायचे, घरी परतायचे नाही. जबलपूरहून उत्तरेला कटनीच्या वाटेवर स्लीमनाबाद नावाचे गाव आहे. नियमावली लिहिणाऱ्याचे नाव नकाशावर राहिले. विणकरांचे पुन्हा सेव्ह झाले नाही.