बळीचा पाट

आमच्या संगमेश्वरात एका हौशी काकांनी सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकूड कोरणारं यंत्र, घेतला. सुटे भाग पार्सलने आले, पुतण्याने जोडून दिले, कॉम्प्युटरचं आणि यंत्राचं सूतही जुळलं. या गोष्टीला तीन महिने झाले. यंत्राने अजून एक ढलपी काढलेली नाही.

का? तर खाली काय घालायचं ते ठरत नाही.

खाली म्हणजे बेडवर. ज्या फळीवर लाकूड आवळायचं आणि जिच्या दिशेने फिरतं बिट उतरणार, ती फळी. बिट आरपार गेलं की खाली थोडं घुसणारच. म्हणून तर तिला स्पॉइलबोर्ड म्हणतात. नावातच नासाडी आहे. आणि काका विचारतात, ‘खराब नाही ना होणार?’

पोळपाटावर कांदा चिरून बघा. घरात जे ऐकावं लागेल ते इथे छापता येणार नाही. म्हणूनच चिरायची फळी वेगळी असते. तिच्यावरचे चरे कोण मोजतो?

यंत्रालाही असेच दोन पाट लागतात. खालचा कायमचा, सपाट, न हलणारा. वरचा मरायला. एवढं कळलं की निम्मे प्रश्न मिटतात. पण प्रश्न मिटले तर सल्लागारांनी करायचं काय?

एक म्हणतो, सागाचा घाला, नातवंडांपर्यंत टिकेल. टिकवायचाय कुणाला? शिवाय अखंड लाकूड आडव्या अंगाने फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. फळीची पन्हळ होते. दाराला हे माफ असतं, बेडला नाही.

दुसरा कडप्पा सुचवतो. ओट्यासारखा गुळगुळीत. त्यात स्क्रू मारून दाखवा. कसब्याच्या कर्णेश्वर मंदिरावर ज्यांनी छिन्नी चालवली, त्यांना दगडच कोरायचा होता. काकांना घराची पाटी कोरायची आहे.

तिसऱ्याचं एचडीपीई प्लास्टिक. पाणी पीत नाही, कबूल. पण मीटरभर पट्टा दहा अंश तापला की मिलिमीटरहून जास्त लांबतो. चारी बाजूंनी आवळलेला असला तर जाईल कुठे?

वर.

ॲल्युमिनियमचे खाचांचे पट्टे तेवढ्याच तापण्याला पाव मिलिमीटरही वाढत नाहीत. खालच्या पाटाला उत्तम. प्लायवाला आयएस ७१० चा मरीन प्लाय पुढे करेल, तोही खालीच शोभतो. वर घातलात तर बळीच्या बोकडाला पैठणी.

राहता राहिला एमडीएफ. परदेशी व्हिडिओवाले एकमुखाने तोच सांगतात. स्वस्त, सपाट, सगळीकडे सारखा. खड्डे पडले की यंत्राकडूनच वरचा अर्धा मिलिमीटर रंधून घ्यायचा, पाट पुन्हा कोरा. सल्ल्यात खोट काहीच नाही. फक्त सांगणाऱ्याच्या घरी श्रावण नसतो.

आमच्याकडे असतो.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी रुसते, मागचं दार खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. एमडीएफ म्हणजे तरी काय? लाकडाचे तंतू आणि डिंकासारखी रासायनिक चिकटण. तो दारापेक्षा शहाणा कुठून असणार? कडांनी ओल ओढतो, फुगतो, आणि मग उन्हात घातला तरी मूळ मापावर येत नाही. त्यापेक्षा पापड बरा.

इलाज आहे. मे महिन्यातच सीलर मारायचा. वर, खाली, चारी कडांना. नुसता वरून मारलात तर एक अंग ओल पिणार, दुसरं उपाशी. फळीचं धनुष्य. वरचा थर रंधलात की सीलरही गेला, तो पुन्हा मारायचा. स्क्रू पितळी घ्या, बिट चुकून आपटलं तरी वाचायची आशा असते. आणि तोंडावर मास्क, कारण एमडीएफची भुकटी तपकिरीसारखी नाकात जाते, पण शिंक येऊन बाहेर पडत नाही.

आता मुहूर्त बघा. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि मखरं प्लाय-एमडीएफवर सरकली. म्हणजे हौशी यंत्रांना खरं काम कधी? भाद्रपदाच्या तोंडावर. हवा ओलीचिंब असते, नेमकी तेव्हा. ९० अंशांच्या व्ही-बिटने अक्षरं कोरताना खालचा पाट एका बाजूला अर्धा मिलिमीटर फुगलेला असला, तर तिथली रेघ पुरती एक मिलिमीटरने जाड होते. ‘गणपती’ सडपातळ, ‘बाप्पा’ सुटलेला.

काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, दुसऱ्याच दिवशी एमडीएफ आणला, सीलर मारला, पितळी स्क्रूंनी बसवलासुद्धा. परवा बघायला गेलो. पाट झकास सपाट आहे.

वर प्लास्टिक अंथरलंय. ओरखडे पडू नयेत म्हणून.